मयत ड्रायव्हरच्या बाजूनं

आमच्याकडे मला 'क्लेमवाली बाई' म्हणतात. पाटीवर 'ॲडव्होकेट' लिहिलंय, खाली पदवी लिहिलीय, पण नांदेडात कुठल्याही ऑटोवाल्याला पत्ता विचारा, तो म्हणेल, "ॲक्सिडेंटच्या क्लेमवाल्या मॅडम ना? बसा." सुरुवातीला राग यायचा. वडील रेल्वेत होते. मला सनद मिळाली तेव्हा त्यांनी क्वार्टरमध्ये घरोघर पेढे वाटले होते, आणि पुढं लेकीच्या नावाला हे शेपूट लागलं. आता त्याचं काही वाटत नाही. यंदापासून नवे दावे घेणं बंद केलंय. हातातले निकाली निघाले की कोट घडी घालून ठेवणार. म्हणून म्हटलं, लिहून तरी ठेवू.

लोकांना वाटतं, गाडीनं माणूस मेला की पैसे मिळतात. इतकं सरळ नसतं. अपघात झाला हे दाखवावं लागतं, तो समोरच्याच्या निष्काळजीपणानं झाला हे दाखवावं लागतं, आणि त्यात काय गेलं तेही दाखवावं लागतं. पहिलं सोपं. दुसऱ्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं तारखा घेतो. तिसऱ्याला सगळेच चाचरतात, कारण गेलेल्या माणसाची किंमत सांगताना घरच्यांची जीभ उचलत नाही.

नमुने भरपूर पाहिले. एकजण ऑफिसात शिरताना डाव्या पायानं लंगडत आला आणि जाताना उजव्या पायानं लंगडत गेला. मी त्याला जिन्यातून परत बोलावलं आणि कागद हातात देऊन म्हटलं, "आधी पाय ठरवा, मग या." तो काही परत आला नाही. दवाखान्याच्या फाटकावर उभे राहून जखमी माणसाच्या नातेवाइकाच्या हातात वकिलाचं कार्ड कोंबणारे एजंटही पाहिले. माझं कार्ड मी कधी छापलंच नाही.

हिमायतनगरकडचा एक माणूस आठवतो. त्याची बायको रस्ता ओलांडताना टेम्पोखाली गेली. मी विचारलं, "त्या काय काम करायच्या?" तो म्हणाला, "काहीच नाही मॅडम, घरीच राहायची." मी तसं टिपून घेतलं. मग सवयीप्रमाणे विचारत गेले. पाणी कोण भरायचं? "तीच." म्हशीचं कोण बघायचं? "तीच." निंदायला जायच्या? "जायची ना, आपल्याबी आणि दुसऱ्याच्याबी." तुमची आई अंथरुणावर आहे, तिचं कोण काढायचं? यावर तो उठून व्हरांड्यात गेला. बऱ्याच वेळानं आत आला आणि माझ्या कागदाकडं बोट करून म्हणाला, "मॅडम, ते घरीच राहायची लिव्हलंय ना, ते खोडा."

अशी माणसं या धंद्यानं दिली. पण मला सांगायचंय ते रंजनाबद्दल.

माझं घर नांदेडला असलं तरी निम्मी वकिली लातूरला. तिथं एका स्नेही वकिलाच्या ऑफिसात मला एक टेबल आहे. रंजना पहिल्यांदा आली ती तिथं. तिशीतली बाई, बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. "जय भीम ताई," म्हणाली आणि खुर्ची असून उभीच राहिली. मी बस म्हटल्यावर बसली. पिशवीतून पोलिसांचे कागद काढून माझ्यापुढं सरकवले.

"यात माझ्या मालकाला आरोपी केलंय," ती म्हणाली. "तो तर मेला. मेल्याला आरोपी कसं करतात?"

करतात. रोज करतात. तिचा नवरा सुदाम काळी-पिवळी जीप चालवायचा. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावातून लातूरला माणसं न्यायची आणि आणायची, हे त्याचं काम. थंडीचे दिवस होते, उसाचा हंगाम. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला तो लातूरकडं निघाला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. सुदाम जागेवर गेला. मागच्या सीटवर कडेला बसलेली गावातली महानंदाबाई दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. तिचे यजमान बसवंतअप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी होते. त्यांचा जीव वाचला, पाय मात्र कायमचा गेल्यात जमा झाला. बाकीच्यांना मुका मार लागला.

अशा वेळी पोलीस पहिला हिशेब सरळ करतात. जो मागून धडकला त्याची चूक. त्यात तो मेलेला असेल तर काम आणखी सोपं, कारण तो काही बोलत नाही. गुन्हा त्याच्यावर दाखल होतो, पुढं 'आरोपी मयत' असा शेरा मारून प्रकरण बंद होतं. कुठल्या कोर्टानं त्याला दोषी ठरवलेलं नसतं आणि सोडलेलंही नसतं. गावात मात्र निकाल लागून गेलेला असतो.

"गावात काय म्हणतात?" मी विचारलं.

"दारू पिऊन व्हता म्हणतात. तो तर शिवतबी नव्हता ताई." ती मुलीकडं बघून म्हणाली, "हिला शाळेत पोरं म्हणतात, तुझ्या बापानं महानंदाआज्जीला मारलं."

ती महानंदाबाई कोण, हे मग हळूहळू कळलं. अप्पा घरचे बरे, बागायतदार. रंजना त्यांच्या शेतात कामाला जायची, आणि ती शेतात असताना तिची मुलगी महानंदाबाईंच्या अंगणात असायची. खाणंपिणं तिथंच, दुपारची झोप तिथंच. महानंदाबाई गेल्या त्या दिवसापासून रंजनाला त्या शेतात कोणी बोलावलं नाही आणि ती गेली नाही. अप्पांच्या घरावरून जावं लागू नये म्हणून पाण्यालासुद्धा ती मागच्या गल्लीनं जायची. भूकंपानंतरचं पुनर्वसनातलं गाव, सगळ्या गल्ल्या सरळ. कोण कुठून येतंय ते लांबून दिसतं, म्हणून वळसा घेणंही सगळ्यांना दिसायचं.

ट्रॅक्टर अप्पांच्या भाच्याचा होता, शिवराजचा. ट्रॉलीचा आस मोडला म्हणून त्याचा माणूस भरलेली ट्रॉली डांबरी रस्त्यावरच सोडून, चाकांना दगड लावून मिस्त्री आणायला गेला होता. पंचनाम्यात लिहिलं होतं की ट्रॉलीला मागून रेडियमच्या लाल पट्ट्या होत्या आणि रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या होत्या. म्हणजे खबरदारी घेतलेली होती. अप्पांचा जबाबही जोडलेला होता. दवाखान्यात घेतलेला. जीप जोरात होती, ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं, पुढं उभ्या ट्रॉलीवर त्यानं मागून ठोकली.

कागद वाचून झाल्यावर मी तिला खरं ते सांगितलं. सुदामचीच सगळी चूक ठरली तर हातात काहीच येणार नाही. ट्रॉलीवाल्याचा निष्काळजीपणा दाखवता आला तरच दावा उभा राहील. आणि आपल्या बाजूनं सध्या एकही कागद नाही.

ती म्हणाली, "फोटो बघा की ताई. मी किती तरी वेळा बघितले. मला कायतरी वंगाळ वाटून राहिलंय त्यात, पण काय ते कळंना."

पंचनाम्याचे फोटो पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काढले होते. झेरॉक्सवर काही दिसत नव्हतं. मी अर्ज देऊन मूळ फोटो मागवले. ते आले तेव्हा रंजना समोरच बसली होती. दोघींनी मिळून पाहिले. हंगामभर शेतातनं आणि कारखान्याच्या रांगेतनं फिरलेली ट्रॉली, मागची फळी धुळीनं, चिखलानं माखलेली. रेडियमच्या पट्ट्या मात्र कोऱ्या करकरीत. एका पट्टीखाली तर पुसलेल्या जागेवर फडक्याचे फराटे दिसत होते. पट्ट्या अपघातानंतर चिकटवल्या होत्या.

दावा दाखल केला. सामनेवाला एक शिवराज, सामनेवाली दोन त्याची विमा कंपनी. कंपनीचे वकील होते सय्यदसाहेब. माझ्यापेक्षा वयानं मोठे, निम्मं आयुष्य आम्ही एकमेकांच्या विरुद्ध उभं राहण्यात घालवलं आणि कोर्टाबाहेर एकाच टपरीवर चहा प्यायलो. कंपनीचं म्हणणं नेहमीचं होतं. चूक मयताची, आणि समजा आमच्या बाजूची निघाली तरी विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा वेगळा विमा मालकानं काढलेलाच नाही, मग आम्ही का द्यायचे.

मध्येच लोकअदालत आली. सय्यदसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, कायकू ताणताय? फोटोनं केस थोडी जिंकता येते. कंपनी तडजोडीला तयार आहे, घेऊन टाका. बेवा बाई आहे, पोरगी आहे."

ते चुकीचं सांगत नव्हते. मी तिच्या जागी असते तर कदाचित घेतले असते. मी रंजनाला सगळं समजावून सांगितलं. रक्कम सांगितली, ती पूर्ण दाव्यापेक्षा बरीच कमी होती, पण हातात येणारी होती. हरलो तर तीही जाईल, हेही सांगितलं.

तिनं एकच विचारलं. "त्या कागदावर कुणाची चूक ते लिव्हतील का?"

"नाही. तडजोडीत चुकीचं काही लिहीत नाहीत. दोघांनी मान्य केलं, प्रकरण मिटलं, एवढंच."

"मंग न्हाई घ्यायचे."

"रंजना, विचार कर. घरी सासू आहे, पोरीचं शिक्षण आहे."

"केलाय इचार. पैसे घेतले आन् कागदावर काईच न्हाई, तर गाव म्हणंल, नवऱ्यानं माणूस मारलं आन् बायकोनं पैसे खाल्ले." मग म्हणाली, "तुमाला भ्याव वाटत असंल तर सांगा."

मला वाटत होतं. पण सांगितलं नाही.

त्या काळात एक गोष्ट मला खटकत राहिली. बसवंतअप्पांची बायको गेली होती, स्वतःचा पाय गेला होता. दावा करण्याचा पहिला हक्क त्यांचा. त्यांच्याकडं दोन वकील जाऊन आले, एजंट जाऊन आले. अप्पांनी सगळ्यांना दारातूनच परत पाठवलं. 'बायकोचे पैसे करायचे नाहीत मला,' असं म्हणाले म्हणे. मी तेव्हा एवढाच अर्थ लावला की भाच्याविरुद्ध जायला नको म्हणून ते गप्प आहेत.

शिवराजनं आपल्या बाजूनं साक्षीदार दिले ते अप्पाच. शपथपत्रात ठरलेला मजकूर होता. ट्रॉलीला पट्ट्या होत्या, फांद्या टाकलेल्या होत्या, ड्रायव्हर बेदरकार होता. त्यांची उलटतपासणी मला घ्यायची होती. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. मी फोटोवर आणि शिवराजवर भर द्यायचं ठरवलं होतं, अप्पांना दोन-चार वरवरचे प्रश्न विचारून सोडायचं. आदल्या तारखेला मी हे रंजनाला सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांना सरळ इचारा. मी समोर बसते."

"आणि ते खोटं बोलले तर?"

"माझ्या म्होरं न्हाई बोलायचे."

साक्षीच्या दिवशी अप्पा वॉकर टेकत आले. धोतर, टोपी, कपाळाला विभूती. उंच माणूस, पण वाकलेला. पिंजऱ्यात उभं राहता येत नव्हतं म्हणून न्यायाधीश साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. रंजना मागच्या बाकावर मुलीला घेऊन बसली होती. अप्पांनी मुलीला बघितलं. इतक्या जवळून वर्षांनी बघत होते. मुलगी त्यांच्याकडं बघून ओळखीचं हसली. लहान पोर, तिला कोर्टकज्जे काय कळणार.

मी विचारलं, "अप्पा, हे शपथपत्र तुम्ही वाचलंय का?"

"वाचून दाखवलं."

"कोणी?"

"भाच्यानं."

"जीपमध्ये तुम्ही कुठं बसला होता?"

"म्होरं. सुदामच्या बाजूला." त्यांनी 'ड्रायव्हर' म्हटलं नाही, नाव घेतलं. तिथं मला वाटलं, विचारावं.

"पुढची काच साफ होती? रस्ता दिसत होता?"

"दिसत व्हता."

"मग ट्रॉली पहिल्यांदा दिसली तेव्हा किती लांब होती?"

अप्पांनी मागच्या बाकाकडं बघितलं. शिवराजचे वकील उठले, साक्षीदाराला त्रास होतोय म्हणाले. साहेबांनी त्यांना हाताच्या खुणेनं बसवलं. मी प्रश्न पुन्हा विचारला.

"दिसलीच न्हाई," अप्पा म्हणाले.

"ट्रॉलीला मागं दिवा होता?"

"न्हाई."

"रेडियमच्या पट्ट्या?"

"दिसलीच न्हाई म्हणल्यावर पट्ट्या कुठल्या आल्या, बाई? अंधार पडून राहिला व्हता. समोरून एका गाडीचा उजेड डोळ्यावर आला, आन् तो गेला की म्होरं सगळा ऊसच. सुदामनं स्टेरिंग वढलं. माझ्याकडची बाजू वाचवली त्यानं."

"रस्त्यावर फांद्या होत्या?"

"मागून टाकल्या. मी रस्त्याच्या कडंला पडलो व्हतो. बघितलं मी."

"मामा!" शिवराज मागून ओरडला. साहेबांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. मी खाली बसले.

मग सय्यदसाहेब उठले. कंपनीच्या वतीनं त्यांना विचारायचा हक्क होता आणि ते मुरलेले वकील. त्यांनी ट्रॉलीचं नावसुद्धा काढलं नाही. "अप्पा, जीप किती स्पीडमध्ये होती?"

"मला काट्यातलं कळत न्हाई."

"रोजच्यापेक्षा जास्त होती का कमी?"

अप्पांनी खाली बघितलं. "जास्त व्हती."

"बस, इतकंच," सय्यदसाहेब म्हणाले.

निकाल यायला पुढं बराच काळ गेला. आला तो आमच्या बाजूनं आला, पण पुरता नाही. ट्रॉली भर रस्त्यात दिव्याविना, खुणेविना उभी करणं हा मोठा निष्काळजीपणा, चारातले तीन हिस्से चूक त्यांची. मात्र अंधार पडत असताना नेहमीपेक्षा जास्त वेगानं गाडी चालवली म्हणून एक हिस्सा चूक सुदामची. तेवढी भरपाई कापली. ट्रॉलीचा विमा नव्हता, म्हणून विमा कंपनीनं आधी पैसे भरायचे आणि मग शिवराजकडून वसूल करायचे.

वकील म्हणून मी खूश होते. मागून धडकलेल्या, गुन्हा दाखल असलेल्या मयत ड्रायव्हरच्या बाजूनं एवढं मिळणं सोपं नसतं. सय्यदसाहेबांनीसुद्धा हात मिळवला. रंजना कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली होती.

"म्हणजे थोडी चूक त्याची निघाली," ती म्हणाली.

"हो. थोडी. अपील करता येईल, पण मला वाटतं..."

"नको." तिनं माझ्या हातातलं निकालपत्र घेऊन उलटून पाहिलं. मग म्हणाली, "ताई, हे मराठीत हाय ना? आमच्या गावात येऊन वाचताल का? मी वाचलं तर म्हणतील बायको हाय, मनानं वाचती."

निकालपत्र गावात जाऊन वाचायचं काम मी जन्मात केलं नव्हतं. वकिलाचं ते कामही नाही. पण तिला नाही म्हणवेना. रविवार सकाळ ठरली. जीपच्या थांब्यावर, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यापाशी. कोणाला बोलावणं धाडलं नव्हतं, तरी लोक जमले होते. सुदामबरोबरचे ड्रायव्हर होते, लातूरला निघालेली माणसं होती, समाजमंदिराकडच्या बाया एका बाजूला उभ्या होत्या. अप्पा वॉकर पुढं ठेवून कट्ट्याच्या टोकाला बसले होते. भाच्यानं त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं, तेव्हापासून ते सकाळचे तिथं येऊन बसायचे, असं एकानं सांगितलं.

मी वाचायला लागले. कोर्टाची भाषा जड, म्हणून मध्ये मध्ये सोपं करून सांगत होते. शवविच्छेदनात दारूचा मागमूस नव्हता, तिथं मी मुद्दाम थांबले. एक ड्रायव्हर मोठ्यानं म्हणाला, "आयकलं का?" पट्ट्यांचं आलं, फांद्यांचं आलं. मग मी त्या एका हिश्श्याच्या परिच्छेदापाशी आले आणि रंजनाकडं बघितलं. हळू आवाजात म्हटलं, "हे राहू दे का?"

"सगळं वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. मयत वाहनचालकाने वाहनाचा वेग परिस्थितीनुसार नियंत्रित ठेवला नाही, सबब त्याचाही अंशतः निष्काळजीपणा. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

वॉकरचा आवाज झाला. अप्पा उठत होते. एकानं हात द्यायला पुढं केला, तो त्यांनी झिडकारला.

"तो हिस्सा त्याचा न्हाई," ते म्हणाले. "माझा हाय."

सगळे त्यांच्याकडं वळले.

"महानंदाच्या डोळ्याला लई दुखून राहिलं व्हतं. लातूरचा डॉक्टर संध्याकाळचा थोडाच वेळ बसतो. गाडी भरायला उशीर झाला. मी सुदामला म्हणलं, डॉक्टर उठून जाईल, दाब जरा. तो म्हणला, अप्पा, अंधार पडून राहिलाय, रस्त्यानं उसाच्या गाड्या हायेत. मी पुन्हा म्हणलं, दाब. माझ्या शेतात त्याची बायको कामाला, पोरगी माझ्या घरी वाढलेली. मला न्हाई कसं म्हणंल तो? दाबली त्यानं." त्यांना दम लागला होता. "कोर्टात मला वेग इचारला, मी सांगितला. कुणामुळं ते कुणी इचारलं न्हाई. मीबी बोललो न्हाई. चार लोकांत कसं म्हणू, की माझ्या बाईला..."

मी हातातल्या निकालाकडं बघत होते. प्रवाशानं घाई केली म्हणून ड्रायव्हरची जबाबदारी कायद्यानं कमी होत नाही. हे मी सांगू शकले असते. तिथं ते सांगण्यात काही अर्थ नव्हता.

रंजना पुढं आली. अप्पांच्या समोर उभी राहिली.

"मला ठावं हाय अप्पा," ती म्हणाली.

अप्पांनी मान वर केली.

"निघायच्या आधी त्याचा फोन आला व्हता. म्हणला, अप्पांला घाई हाय, आज चहाला थांबत न्हाई, जरा दाबूनच जातो."

"तुला पहिल्यापून ठावं व्हतं?"

"हाव."

"आन् तरीबी गप राहिलीस? कोर्टात, गावात, कुठंच न्हाई बोललीस?"

"तुमची बाईबी गेली व्हती ना त्यात," रंजना म्हणाली. "त्या मला सासूपेक्षा जवळच्या व्हत्या. तुमाला आणिक काय म्हणू मी?"

अप्पा मटकन खाली बसले आणि सगळ्या गावासमोर रडायला लागले. मोठा माणूस रडायला लागला की लोक इकडंतिकडं बघतात, तसे बघत होते. रंजनाची मुलगी मात्र जाऊन त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसली. थोड्या वेळानं रंजनाही बसली.

नंतर ती मला जीपपर्यंत सोडायला आली तेव्हा मी तिला विचारलं, "हे मला का नाही सांगितलंस? मी तुझी वकील होते."

"सांगितलं असतं तर तुमी त्यांना इचारलं असतं."

मी विचार केला. हो, विचारलं असतं. साक्षीदार डळमळतोय असं दिसलं असतं तर तोच प्रश्न काढून त्यांना मोडलं असतं, आणि त्या संध्याकाळी घरी येऊन जेवलेही असते. ती माझ्याकडं बघत होती. "तेवढ्यासाठी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. मग मला वाकून नमस्कार करायला लागली, तो मी करू दिला नाही. तिला जवळ घेतलं. एवढ्या वर्षांत कुठल्या पक्षकाराला मी कधी जवळ घेतलं नव्हतं.

जीप भरली. मला पुढं ड्रायव्हरशेजारी जागा दिली. ड्रायव्हर तोच, मघाशी मोठ्यानं बोललेला. गावाच्या बाहेर पडलो आणि त्यानं गाडी संथ ठेवली. उसाच्या ट्रॅक्टरमागं लागलो तर ओलांडायची घाई केली नाही, मागंच राहिला. मागच्या सीटवर लग्नाला निघालेली माणसं होती, दवाखान्याला निघालेली एक बाई होती. कोणी हूं की चूं केलं नाही. लातूरहून नांदेडची माझी गाडी चुकणार हे मला घड्याळात स्पष्ट दिसत होतं. मी घड्याळावर पदर ओढला आणि समोरच्या रस्त्याकडं बघत गप्प बसून राहिले.